तेलशुद्धीकरण आणि राष्ट्रीय धोरण

१९६० साली सोव्हिएत संघाने स्वस्त दराने कच्चे तेल देऊ केले. परंतु तुर्भे येथील परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांनी ते शुद्ध करण्यास नकार दिला. कारखाने आपल्या भूमीवर, पण त्यांत कोणते तेल घालावयाचे हे ठरविणार परदेशातील मुख्यालये! अशा वेळी नुकत्याच १९५९ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय इंडियन ऑइल कंपनीने सोव्हिएत डिझेल व रॉकेल आयात करून विक्रीस आणले. पुढे १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल शासनाच्या ताब्यात आल्या. १९७४ मध्येच तेल व नैसर्गिक वायू आयोगाला ‘सागर सम्राट’च्या साहाय्याने मुंबईजवळील समुद्रात तेल सापडले. तथापि देशाच्या गरजेपैकी चार-पंचमांशाहून अधिक कच्चे तेल आजही आयातच करावे लागते. २०२२ नंतर सार्वजनिक कंपन्यांनी रशियाचे तेल मोठ्या प्रमाणावर खरेदी केले.