पहिला फोन कोणता द्यायचा?

पालकहो, मूल सहावी-सातवीत गेलं की घरात हा विषय निघतोच. क्लास लांब असतो, परतायला अंधार पडतो, 'सगळ्यांकडे आहे' हे पालुपद रोज कानावर येतं. मग वाढदिवस तोंडावर आला की आपण दुकानात जातो आणि कॅमेरा कसा आहे तेवढं विचारून फोन घेऊन येतो. तो कशासाठी हवाय, हे विचारायचं राहूनच जातं.

बहुतेक घरांची गरज 'क्लास सुटला, निघालोय' एवढं कळण्याची असते. त्याला बटणांचा फोन पुरतो, पण तोही पारखून घ्या. बटणं आहेत म्हणजे इंटरनेट नाही, असं नसतं. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनवर पुढच्याच वर्षी यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप आलं होतं. शिवाय सिम जिओचं असेल तर नुसता २जी फोन चालत नाही, ४जीच लागतो. दुकानातच फोन चालू करून मेन्यूत काय काय आहे ते बघा.

अमेरिकेतल्या लाइट फोनचं नाव कुणी ऐकलं असेल. त्याच्या २०१९ च्या मॉडेलला कागदासारखा काळा-पांढरा पडदा आहे. कॉल, मेसेज, गजर, हवं तर गाणी आणि रस्ता. ब्राउझर नाही, ईमेल नाही, इन्स्टाग्राम तर नाहीच. कल्पना झकास, पण किंमत तिकडे २९९ डॉलर होती! एवढे पैसे घालून साधेपणा विकत घ्यायची आपल्याला गरज आहे, असं वाटत नाही मला.

त्यापेक्षा कॉलला बटणांचा फोन ठेवा आणि घरी बाकीच्यासाठी कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन काढा. फॅक्टरी रीसेट करा, सिम घालू नका, गूगल खातं विचारलं तर ती पायरी सोडून द्या. मग एफ-ड्रॉइड नावाचं अ‍ॅपचं दुकान त्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. इथली अ‍ॅप मुक्त स्रोत असतात, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही उघडून तपासता येतो. एखादं अ‍ॅप जाहिराती दाखवत असेल किंवा माग काढत असेल, तर त्याच्या पानावरच तसा इशारा छापलेला असतो. आपल्या नेहमीच्या अ‍ॅपवर हे इतक्या ठळकपणे कधी वाचलंय?

नारंगी शंकूवाला व्हीएलसी व्हिडिओ प्लेअर तर तुम्ही संगणकावर वापरलाच असेल. तोही याच कुळातला, पॅरिसजवळच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला. किविक्स घ्या, त्यात अख्खा विकिपीडिया उतरवून ठेवता येतो आणि मग नेट लागत नाही. मराठी विकिपीडिया बारीक आहे, इंग्रजीला जागा भरपूर लागते, हे आधीच सांगते. गाव आणि रस्ते बघायला ऑरगॅनिक मॅप्स. एवढ्यावर एका मुलाचं बरंच भागतं. काही हौशी लोक पुढे जाऊन फोनमध्ये लिनिएजओएस नावाची अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती घालतात, पण तिथे बँकेची अ‍ॅप कधीकधी चालत नाहीत, म्हणून स्वतःच्या रोजच्या फोनवर तो प्रयोग नको.

'पण गृहपाठ ग्रुपवर येतो!' येऊ द्या, तुमच्या फोनवर. वहीत उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

आणखी एक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण खात्यावर जन्मसाल १९९८ टाकलेलं असेल, तर कंपनीच्या लेखी ते मूल नाहीच. आणि ते साल कित्येक घरांत आपणच टाकून दिलेलं असतं. आधी ती खाती बंद करा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद व्हायचे. मोठ्यांचेसुद्धा. मला त्यातलं हे 'सुद्धा' महत्त्वाचं वाटतं. मुलाच्या हातात बटणांचा फोन आणि आपला अंगठा रात्री अकरापर्यंत रील्सवर, हे कुठलंही मूल ऐकून घेणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी तो जुना फोन चार्जिंगला लावा आणि मुलाला शेजारी बसवा. कुठलं अ‍ॅप घ्यायचं ते त्यालाच सुचवू दे, फक्त त्यावरचा इशारा त्यानेच मोठ्याने वाचून दाखवायचा.