जीपचे पाटे : एक हिशेब

१९४७ मध्ये महिंद्रांनी भारतात आणलेल्या विलिस जीपची चारही चाके पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर होती. आमच्या मालवणकडच्या कातळसड्यावर पाटे ताठ असले की एक चाक अधांतरी राहते. डिफरन्शियलमुळे तेच गरगरते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून पुष्कळजण पाटेच कमी करतात. मला हे घातक वाटते. सारा भार उरलेल्यांवर पडून ते मोडतात.

ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे आणि ताकद वर्गाप्रमाणे बदलते. समजा, एका पाट्याऐवजी तेवढ्याच लांबी-रुंदीचे, निम्म्या जाडीचे ४ पाटे ग्रीस लावून घातले. ताठरपणा निम्मा होतो, ताकद तितकीच राहते. मात्र चाक अधिक खाली उतरणार, तेव्हा ब्रेकची रबरी नळीही तेवढी लांब हवी. ती तुटली, तर उतारावर गाडी थांबणार कशी?