मिशन भेट : सहल की साधना?



काही वर्षांपूर्वी मी नववी-दहावीच्या मुलांना डहाणू तालुक्यातील एका वारली पाड्यावर घेऊन गेलो. कपडे वाटले, खाऊ वाटला, फोटो काढले. दुपारी एका मावशीने आमच्यासाठी नागलीच्या भाकरी केल्या. मुलांनी घरून आणलेले डबे उघडले. मीही ‘उशीर होतोय’ म्हणत भाकरीला हात लावला नाही. परतताना बसमध्ये गाणी रंगली. मला मात्र ती झाकून ठेवलेली टोपली दिसत होती. चूक मुलांची नव्हती. मी त्यांना नेले होते, तयार केले नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक सूत्र पाठ केले होते : जे आपल्यापाशी नाही, ते आपण देऊ शकत नाही. मग मुलांनी काय घेऊन जावे? लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात प्रभू येशू ७२ शिष्यांना पाठवतो. तेथे आपल्याला तीन पायऱ्या दिसतात.

१. जाण्यापूर्वी : प्रभू आधी प्रार्थना करायला सांगतो आणि दोघादोघांना पाठवतो. मुलांनी निदान महिनाभर एकत्र प्रार्थना करावी, प्रायश्चित्त संस्कार घ्यावा, त्या लोकांविषयी जाणून घ्यावे.

२. तेथे असताना : थैली नको, जे वाढतील ते खा. जो फक्त देतो, तो उंचावरच राहतो. जो घेतो, तो शेजारी बसतो.

३. परतल्यावर : शिष्य येऊन प्रभूला सारे सांगतात. आपल्या पराक्रमाचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा माना, असे तो त्यांना समजावतो. मुलांनीही आठवडाभरात एकत्र बसून अनुभव सांगावेत. नाहीतर फोटो उरतात, फळ उरत नाही.

पुढच्या जुलैत आम्ही त्याच पाड्यावर रिकाम्या हातांनी गेलो. मुले दोघे-दोघे एकेका घरी राहिली, भातलावणीला चिखलात उतरली. परतल्यावर एक मुलगा म्हणाला, “फादर, माझी ओळ वाकडी झाली. आजोबांनी न हसता ती पुन्हा लावली.” नम्रतेवर मी दिलेल्या सर्व प्रवचनांपेक्षा तो या एका ओळीतून अधिक शिकला. आणि हो, यावेळी भाकरी उरली नाही.

ज्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी खंत करू नये. छोटी संत तेरेजा १५ व्या वर्षी मठात गेली आणि १८९७ साली २४ व्या वर्षी तेथेच वारली. परदेशी मिशनवर ती कधी गेली नाही. तरीही १९२७ साली पोप पायस अकरावे यांनी तिला संत फ्रान्सिस झेवियरबरोबर मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले.

घरी चर्चेसाठी : आपल्या दाराशी येणाऱ्या कामकरी माणसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? त्याच्या हातचे आपण कधी खाल्ले आहे का?

प्रभू येशू आपल्या मुलांना पाठवो, आणि रिकाम्या हातांनी जाण्याचे धैर्य देवो. आमेन.