आतली बॅटरी बदलण्याआधी

लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी झिजते ती बॅटरी. प्रोसेसर आणि मेमरी दहा वर्षेही काम देतात. लिथियम बॅटरीची क्षमता मात्र साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर 80 टक्क्यांच्या आसपास येते. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ आणि सध्याची क्षमता कळते.

पूर्वी खालच्या खिट्ट्या सरकवल्या की बॅटरी हातात येई. यंत्रे पातळ होत गेली तशी ती आत गेली. 2012 साली अ‍ॅपलने रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये ती गोंदाने चिकटवली, तेव्हा उपकरणांच्या दुरुस्तीचे मार्गदर्शन करणाऱ्या आयफिक्सिट या संकेतस्थळाने त्या यंत्राला दुरुस्तीसाठी 10 पैकी 1 गुण दिला.

या बॅटऱ्यांचे सेल मऊ पाकिटात असतात. आतले रसायन विघटित झाले की वायू साठतो आणि पाकीट फुगते. खुणा बाहेर दिसतात: लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो, झाकणाच्या कडेला फट पडते. प्रस्तुत लेखकाच्या लॅपटॉपवर टचपॅडचा डावा कोपरा क्लिक होईना. दुकानात टचपॅड बिघडल्याचे निदान झाले, नवा बसवला, तोही थोड्याच दिवसांत अडकू लागला. खालचे झाकण काढल्यावर कारण समोर आले. मधला सेल टम्म फुगून टचपॅडला खालून रेटत होता. टचपॅड अडकला की आधी बॅटरी पाहावी, हे दुकानदारालाही बजावून सांगावे.

फुगवटा दिसताच चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा. बॅटरी दाबून बसवू नये, टोचून वायू तर मुळीच सोडू नये; आतला पडदा फाटला की शॉर्टसर्किट होऊन ती पेट घेते. स्क्रूने बसवलेली, न फुगलेली बॅटरी घरी बदलता येते, फक्त इतर कशालाही हात लावण्याआधी तिचा कनेक्टर सोडवावा. चिकटवलेली बॅटरी जाणत्या कारागिराकडेच द्यावी. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने गोंद सैल करून प्लास्टिकच्या पट्टीने ती सोडवतो. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटायला लागला, तर काम तिथेच थांबवावे.

नवी बॅटरी लॅपटॉपच्या नावावरून घेऊ नये. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या आकारांच्या बॅटऱ्या असू शकतात. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवावेत, बीआयएस नोंदणीची खूण पाहावी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, पक्के बिल घ्यावे. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून, काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी द्यावी लागेल. तोवर खरेदीची खबरदारी आपणच घ्यायची आहे. डेल, लेनोव्हो, एचपी आपली सर्व्हिस मॅन्युअल खुली ठेवतात. पैसे मोजण्याआधी त्यातले बॅटरीचे पान उघडा आणि ती स्क्रूने बसवली आहे की गोंदाने, हे पाहून घ्या.