परमुलखात ताप आला तर

बाळांनो, पुण्या-नागपूरहून तुम्ही रायपूरला उतरता, ओळखीच्या घरी एक रात्र टेकता आणि सकाळी बस्तरची बस धरता. काम जीव ओतून करता, पण आजारी पडलात की ते दडवता. मदतीला आलो आणि आपलंच ओझं झालं, हे मनाला खातं. रायपुरातल्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी तापाने फणफणलेली पोरं राहून, बरी होऊन गेली आहेत. त्यांच्या उशाशी बसून एक गोष्ट पक्की कळली: सेवा करायला निघालेल्याला सेवा करून घेताही आली पाहिजे. ती कशी, ते सांगते.

ताप आला की त्याच तासाला सांगा. जंगलपट्ट्यात थंडी वाजून ताप आला की आधी मलेरियाच धरून चालायचं. फॅल्सिपेरम जातीचा असेल तर एक-दोन दिवसांतही मेंदूवर जाऊ शकतो. गावातल्या मितानिनला हाक मारा. छत्तीसगडात २००२ पासून ही बाई गावाचं आरोग्य सांभाळते. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर तपासायचं किट तिच्याजवळ असतं. गुंगी, झटके, न थांबणारी उलटी, काळपट लघवी यांतलं काहीही दिसलं तर जवळचं हॉस्पिटल गाठा. आमच्या ओढीने रायपूरची बस धरू नका. जगदलपूरहून इथवर सुमारे तीनशे किलोमीटर आहे आणि वाटेत केशकालचा घाट. तिथेच उपचार घ्या, आम्ही येतो.

गोळ्या शेवटपर्यंत घ्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि पाकीट पिशवीत तसंच राहतं, हे फार पाहिलं. व्हायवॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडी मारून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. ते सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ताची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी जेवून घ्या. अंगदुखीला स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंगी असेल तर त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलही सांगितलं तेवढंच.

मच्छरदाणीत झोपा, दुखणाइतानेही. तुम्हाला चावलेला डास पुढे तुमच्या सोबत्याला चावतो. फॅल्सिपेरममध्ये प्रायमाक्विनचा एकच डोस देतात, तो तुमचा ताप उतरवायला नसतो. तुमच्या रक्तातून डासाकडे आणि डासाकडून दुसऱ्याकडे जंतू जाऊ नयेत म्हणून असतो. मित्रांची काळजी वाटते ना? मग ती गोळी चुकवू नका.

एकालाच मुखत्यार करा. पाच मित्र पाच सल्ले देतात आणि गोळी एक तर दोनदा पोटात जाते, नाही तर एकदाही जात नाही. एका जणाने वही ठेवावी: किती वाजता किती ताप, कोणती गोळी, पाणी किती प्यायलं, लघवी किती वेळा झाली. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या, म्हणजे सेवा करणारा आडवा होत नाही. घरी आईला रोज ठरलेल्या वेळी खरं तेच कळवा. अर्धवट बातमीने ती तिकडे जास्त झुरते.

तोंडाला चव नसली तरी थोडं-थोडं पोटात जाऊ द्या. मीठ घातलेली भाताची पेज, मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, डाळिंब. बस्तरात मंडियाची, म्हणजे नाचणीची पेज मिळते. पचायला हलकी आणि ताकद देणारी. पाणी उकळलेलंच प्या. जुलाब असतील तर ओआरएस घोट-घोट घ्या. बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, हे इथलं आवडतं जेवण आहे, पण पोट सावरल्यावरच खा.

कुणी उशाशी येऊन बसलं तर "कशाला त्रास घेता" म्हणू नका. छत्तीसगडात मितान बदण्याची रीत आहे. दोघं जण भोजली सणाचे अंकुर किंवा जगन्नाथाचा महाप्रसाद एकमेकांना देतात आणि जन्मभराचे नातलग होतात. एकमेकांच्या सुखदुःखाला घरच्यासारखे उभे राहतात. अशा मुलखात शेजारीण पेज घेऊन आली की ती नाकारणं म्हणजे तिला परकं करणं. याच छत्तीसगडात चांप्याजवळ १९६२ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी संस्था उभी करणारे सदाशिवराव कात्रे स्वतः कुष्ठरोगी होते. पुढे अमरावती जिल्ह्यातले दामोदर गणेश बापट त्या कामाला आले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. दुखणं आलं म्हणून माणूस सेवेच्या कामातून बाद होत नाही, हे या मातीत सिद्ध झालेलं आहे. मग तुम्ही कशाला मान खाली घालता?

घरी पळायची घाई नको. अंगात ताप असताना आझाद हिंद किंवा गीतांजली एक्सप्रेसच्या बर्थवर रात्र काढू नका. ताप पूर्ण थांबला, दोन घास गोड लागू लागले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की सोबत घेऊन निघा. कामावर परत जायचं असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. मलेरिया रक्त खातो. पहिला आठवडा अर्धा दिवसच काम, उन्हातली पायपीट मुळीच नाही.

गावी गेल्यावर पुढचं वर्षभर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "मी बस्तरला होतो." शहरातल्या डॉक्टरांच्या मनात मलेरिया लगेच येईलच असं नाही. रिपोर्टांची फाइल जपून ठेवा.

आणि परत आलात, सोबतीतलं दुसरं कुणी आजारी पडलं, तर रात्री जागायची पहिली पाळी तुम्ही घ्या. कोरड पडल्यावर पाणी कोणी न मागता पुढे करावं, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही.