जवळचें वाचन व डोळ्यांची जोडी

पुस्तक जवळ धरिलें म्हणजे आपलीं दोन्ही बुबुळें नाकाकडे वळतात, व तीं नेमकीं एकाच अक्षरावर स्थिरावतात म्हणूनच अक्षर एक दिसतें. कांहीं मुलांचे डोळे असे एकत्र वळून टिकत नाहींत. मग ओळी सरकतात, अक्षरें जोडीनें दिसतात, कपाळ दुखूं लागतें. वीस फुटांवरील तक्ता मात्र तोच मुलगा अचूक वाचतो. म्हणून त्याच्यावर आळसाचा शिक्का बसतो. हा उघड अन्याय होय. बिचारा तक्रारहि करीत नाहीं, कारण सर्वांस असेंच दिसत असावें अशी त्याची समजूत!

परीक्षा सोपी आहे. पेन्सिलीचें टोंक हळूहळू नाकाकडे आणावें व तें दुहेरी कोठें दिसूं लागतें तें पाहावें. तें बरेंच दूर असतांनाच दुहेरी दिसल्यास नेत्रतज्ज्ञाकडे जावें.

याच पेन्सिलीचा व्यायाम घरीं करण्यास पुष्कळदां सांगतात. परंतु अमेरिकेंत २२१ मुलांवर झालेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत १२ आठवड्यांनीं त्या व्यायामानें शेंकडा ४३ जणांस गुण आला, तर नुसत्या लुटुपुटीच्या उपचारानेंहि ३५ जणांस! दवाखान्यांत तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं व्यायाम करून घरीं उजळणी करणाऱ्यांत हें प्रमाण ७३ होतें. २०१९ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत मात्र अशा उपचारानें डोळे सुधारूनहि वाचलेल्याचें आकलन लुटुपुटीच्या उपचारापेक्षां अधिक वाढलें नाहीं. यास्तव ज्यास वाचलेलें उमगत नाहीं, त्यास शिक्षकांची मदत निराळी द्यावी लागते.