घामाची कैफियत आणि चिनी चूर्ण

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या एका तरुण वाचकाची कैफियत अशी, की ऐन थंडीतही तळहातांना घाम सुटतो, हाताळलेल्या मायक्रोमीटरवर दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके उमटतात, आणि मित्राच्या शिफारशीवरून मागविलेले एक चिनी चूर्ण घ्यावे की न घ्यावे, याचा निर्णय होत नाही.

सदरहू चूर्णाचे नाव ‘यू पिंग फेंग सान’. हुआंग ची, पाय चू आणि फांग फेंग या तीन वनस्पतींचे हे मिश्रण चिनी वैद्य शतकानुशतके देत आले असून, शरीराच्या बाह्यांगाचे रक्षण करणारी शक्ती क्षीण झाली म्हणजे रंध्रे सैल पडतात, दिवसा अकारण घाम पाझरतो व पडसे वारंवार होते, अशी त्यामागील उपपत्ती आहे. रात्रीच्या घामास ते वैद्यही निराळी योजना करतात. आपल्या चरकसंहितेनेही घाम कमी करणाऱ्या लेपांत वाळ्याला अग्रस्थान दिले आहे, तेव्हा परकीय म्हणून या औषधाचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु प्राचीनता हा गुणाचा दाखला नव्हे, आणि तळहातांच्या घामावर हे चूर्ण गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा उपलब्ध नाही.

शिवाय पुडीत नेमका कोणता जिन्नस आहे, हा प्रश्न उरतोच. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या चिनी औषधात एका वनस्पतीच्या जागी दुसरी विषारी वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. मूत्रपिंडारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांनी तर हुआंग ची वर्ज्यच मानावी.

दोन्ही तळहातांना सारखाच येणारा, लहानपणी वा तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू झालेला, झोपेत थांबणारा आणि बहुधा घराण्यात चालत आलेला घाम हा घर्मग्रंथींना चेतविणाऱ्या मज्जातंतूंच्या अतिउत्साहाचा परिणाम असतो; तो त्रासदायक खरा, पण घातक नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रात्री पूर्ण कोरड्या हातांस लावून सकाळी धुवावे. तेवढ्याने न भागल्यास पाण्यातून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचा इलाज आहे. घाम आटविणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत, कारण मराठवाड्याच्या वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे गेला असता भट्टीजवळ उभ्या असलेल्या कामगाराचे शरीर थंड राखणारा घामच बंद झाला, तर उष्माघातास आमंत्रणच मिळते.

वजन घटत असता रात्री अंथरूण भिजविणारा घाम आल्यास क्षयाची तपासणी करावी. हात कापणे, धडधड व घाम एकत्र आढळल्यास थायरॉइडची करावी. इन्सुलिन घेणाऱ्यास एकाएकी दरदरून घाम सुटल्यास साखर उतरल्याचा संशय घेऊन, तो शुद्धीवर असल्यास, प्रथम साखर द्यावी. आणि छातीत दडपण येऊन थंड घाम फुटल्यास कोणत्याही चूर्णाची पुडी न सोडता तत्काळ रुग्णालय गाठावे.